मरणोत्तर सुरेल

आमच्या बुवाचा तोंड मिटलेला फोटो कुठे सापडेना, इथून सगळं सुरू झालं.

वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची तर फोटो लागतो, आणि त्या फोटोत माणूस गंभीर दिसावा अशी आपल्याकडे रीत आहे. जन्मभर खिदळलेला गृहस्थसुद्धा त्या चौकटीत चौकशी समितीच्या अध्यक्षासारखा दिसला पाहिजे. पण बुवाचे एकूण एक फोटो गातानाचे. मुंजीत तोंड उघडं, सहलीत तोंड उघडं, बँकेच्या निरोप समारंभात काखेत नारळ आणि तोंड उघडं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत वहिनी खाली बघताहेत, भटजी घाबरून वर बघताहेत आणि नवरदेव मंगलाष्टकांत स्वतःचा आलाप मिसळताहेत. तोंड मिटलेला एकच फोटो निघाला, तो आधार कार्डावरचा. पण त्यातला माणूस बुवाच आहे हे सिद्ध करायला दुसरं ओळखपत्र लागलं असतं.

शेवटी स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "काका, एआयनं तोंड मिटवून देतो की. दोन मिनटाचं काम."

जे काम आम्हा मित्रांना, त्याच्या बायकोला, दोन मेहुण्यांना आणि सबंध ब्राह्मणपुरीला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं, ते त्या पोरानं खरोखरच दोन मिनिटांत केलं. प्रिंट घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि विचारलं, "हे कोण?"

छापला मात्र तोच. दुसऱ्या दिवशी दोघातिघांचे फोन आले, "बुवाच्याच नावाचा आणखी एक गेला वाटतं मिरजेत!"

बुवा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाचवीत असताना प्रार्थनेला सगळा वर्ग एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला, असं रोज व्हायला लागलं. तेव्हा मास्तरांनी त्याला पुढे बोलावलं आणि हात जोडून म्हणाले, "बुवा, उद्यापासून आपण नुसते ओठ हलवा." त्यातला "बुवा" एवढाच शब्द त्यानं ऐकला आणि पुढचं आयुष्य त्या पदवीला जागण्यात घालवलं.

हे दुसऱ्या एखाद्या गावात खपून गेलं असतं. पण आमचं गाव पडलं मिरज. संस्थानच्या काळात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं सतारी करायला घेतल्या आणि त्यांचे सतारमेकर झाले. पंढरपूरकडून येणारे भोपळे इथं तंबोरे होऊन देशभर जातात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. उरुसात दर्ग्यात गाणं, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं. अशा गावात बेसूर राहायला वेगळी जिद्द लागते. इथला रिक्षावालासुद्धा मागच्या रिक्षाचा हॉर्न उतरलाय की चढलाय ते सांगेल. खाँसाहेबांनी एका कुत्र्याला सुरात गायला शिकवलं होतं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. बुवा गायला लागला की आमच्या गल्लीतली कुत्री उठून दर्ग्याच्या दिशेनं चालायला लागत. तक्रार नोंदवायला जात असावीत.

बुवानं गाण्याच्या परीक्षाही दिल्या. प्रारंभिक पार पडली. प्रवेशिकेला मात्र त्यानं मुक्काम ठोकला. तिथं परीक्षकांनी सांगितलं, "यमन गा." बुवानं डोळे मिटले आणि मनापासून गायला. परीक्षकांनी जरा वेळानं चौकशी केली, "हा कुठला?"

"तुम्ही सांगितला तोच," बुवा म्हणाला.

पुढे बँकेत कॅशियर झाला. तिथं नोटा मोजायचा त्या त्रितालात. सोळा नोटा झाल्या की समेवर शिक्का. ठाय लयीत हिशोब चोख असे, पण गर्दीच्या दिवशी तो दुगुनीत शिरला की संध्याकाळी रोकड जुळत नसे. मग मॅनेजर, शिपाई आणि बुवा टेबलाखाली नोटा शोधताना दिसत आणि त्यातला एकजण गुणगुणत असे.

त्याचं गाणं थांबवण्याचे मार्ग हा आमच्या मित्रमंडळाचा दीर्घ अभ्यासाचा विषय. "बुवा, चहा आला" हा प्राथमिक उपाय. त्यावर तो डाव्या हातात कपबशी घेऊन उजव्या हातानं ताना घ्यायचा. मध्येच टाळ्या वाजवून बघितल्या, तर त्याला ती दाद वाटली आणि तो अंतरा पहिल्यापासून गायला. लाईट घालवून पाहिली. अंधारात म्हणे सूर जास्त स्वच्छ लागतो. डॉक्टर मित्रानं डोकं लढवलं, "भैरवी म्हणायला लावा. भैरवीनंतर कुणी गात नाही." बुवानं भैरवी म्हटली. आम्ही चपला शोधायला उठलो. तर हा म्हणतो, "भैरवी मुळात सकाळची. म्हणजे आता सकाळ झाली. बसा, तोडी ऐकवतो."

पेटीवर कायम आमचाच एक वर्गमित्र. पाटबंधारे खात्यात गेला होता, त्यामुळे वाट्टेल तिकडे वाहत जाणाऱ्या गोष्टींची त्याला सवय होती. सुरुवातीला तो बुवाचा सूर पकडायला काळी एकवरून निघायचा, पांढरी तीन, काळी दोन, पुन्हा पांढरी असा सबंध पेटीभर पायपीट करून घामाघूम व्हायचा. मग त्यानं युक्ती काढली. म्हणायचा, "मी त्याच्या मागं धावत नाय आता. काळी एक धरून गप बसतो. फिरत फिरत येतोय गडी कधीतरी."

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. बुवाचा कान मात्र पक्का होता. सतारमेकर गल्लीतले चाचा नवा तंबोरा लागला की बुवाला बोलावणं धाडत. बुवा बँकेतून परस्पर जायचा, तंबोरा मांडीवर न घेता नुसताच समोर बसायचा. चाचा घोडीवर तारेखालचा दोरा सरकवत जवारी काढत, खुंटी पिळत, मणी हलवत. बुवा डोळे मिटून म्हणायचा, "पंचम केसभर उतरलाय चाचा... हां... जोडीची दुसरी जरा... बास!" आणि ते बिनचूक असायचं. मोठमोठ्या गवयांच्या तंबोऱ्यांवर बुवाच्या कानाची मोहोर आहे, हे त्या गवयांना कुणी कधी सांगितलं नाही. तंबोरा लागला की मात्र चाचा चपळाईनं त्याला गवसणी घालत. नाहीतर बुवा त्याच्याबरोबर गायला लागायचा.

"चाचा, तार उतरली तर तुम्ही चढवता. माझ्यासाठी काही करा की," बुवा म्हणायचा.

"बुवा, गळ्याला खुंटी नाय. अल्लानं बसवलीच नाय, मी काय पिळू?" चाचा म्हणत. मग हळूच आमच्याकडे वळून, "आमचे पणजोबा तलवारी करायचे. बुवा गायले की मला त्यांची आठवण येते."

म्हणजे आपण कुठे आणि सूर कुठे, हे त्या माणसाला केसभरसुद्धा न चुकता कळत होतं. हे कळूनही तो रोज पहाटे पाचला खर्ज लावायला बसायचा. मला विचाराल तर, सुरात गाणाऱ्याला काय लागतं? सूर. तो लागला की झालं.

2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली तेव्हा बुवा स्टेशनावर जायला निघाला होता. "मेघमल्हार गातो, सरकारचा डिझेलचा खर्च वाचेल." आम्ही त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजी खायला घालून अडवलं. तरी त्यानं तिथंच आलापी केली आणि पश्चिमेला जमलेले दोन ढग होते, ते बघता बघता कर्नाटकात गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपर नाचवत आला. "गळ्यालाही देत असतील का रे?"

"देतील," आमचा खजिनदार म्हणाला. "पण माल मिरजेच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही, ह्या अटीवर."

मरण मात्र त्याला खाँसाहेबांचं हवं होतं. खाँसाहेब 1937 साली मद्रासकडच्या दौऱ्यात होते. पाँडिचेरीला जाताना वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून एका लहानशा स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच दरबारीत प्रार्थना म्हणत त्यांनी देह ठेवला, असं सांगतात. ही हकीकत सांगताना बुवाचे डोळे भरून यायचे. "आपल्याला काय कमी आहे? आपलं तर जंक्शन आहे. फलाट क्रमांक एकवर बसेन आणि दरबारी लावेन."

"आधी टीसी येईल," खजिनदार म्हणायचा.

प्रत्यक्षात गेला तो घरच्या पलंगावर, दुपारच्या झोपेत, एकही तान न घेता. आम्ही त्याला कृष्णाघाटावर नेलं आणि तिथं एक मोठाच घोटाळा झाला. आमच्या भागात कुणीही गेलं की घाटावर अभंग बुवा उचलायचा. भलत्याच पट्टीत उचलायचा, पण उचलायचा; मग बाकीचे त्याला सावरायच्या धांदलीत दुःख विसरायचे. त्या दिवशी सगळं झाल्यावर लोक सवयीनं शांत उभे राहिले आणि कोण सुरू करतंय म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. बराच वेळ तसंच. शेवटी पेटीवाला पुटपुटला, "ज्यानं उचलायचं त्यालाच उचलून आणलाय की आपण." मग सगळे न गाताच घरी आलो.

त्यातूनच श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची कल्पना निघाली आणि आमच्या जुन्या अकरावीच्या ग्रुपवर एकदम समिती स्थापन झाली. कामापेक्षा पदं जास्त. पहिला वाद फ्लेक्सवर. एकजण म्हणाला, "गानतपस्वी लिहा." दुसरा म्हणाला, "तप श्रोत्यांनी केलं." "ज्येष्ठ गायक?" "मिरजेत लावायचाय फ्लेक्स, लोक दगड मारतील." "संगीतप्रेमी?" "एकतर्फी." शेवटी नुसतं "भावपूर्ण स्वरांजली" एवढंच ठरलं. फ्लेक्सवाल्यानं घाईत टाईप केलं "भावपूर्ण ज्वरांजली". तो चौकात लागला. आमच्या गावात जेवढे सतारमेकर प्रसिद्ध तेवढेच दवाखाने. आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून रोज माणसं इथं तपासून घ्यायला येतात. कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजल्यापासून तीन पेशंट फायली घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. "डेंग्यूचं पण बघतात न्हवं?" असं त्यांतल्या एका आजोबांनी डॉक्टर मित्राला विचारलं. त्यानंही बिचाऱ्यानं जीभ बघून गोळ्या लिहून दिल्या.

सचिवाच्या डोक्यात आलं, बुवाच्या गाण्यांचा व्हिडिओ करू. बुवा रोज सकाळी ग्रुपवर स्वतःचं गाणं टाकायचा. कराओकेवर, हातवाऱ्यांसकट. आम्ही प्रत्येकजण खाली "वा बुवा!" लिहायचो, अंगठा द्यायचो आणि गाणं न उघडता पुढं जायचो. ग्रुप सगळ्यांनीच मूक करून ठेवलेला. आता ती गाणी उघडायला गेलो तर फोन म्हणतो, फाईल उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. सगळ्यांच्या फोनवर तेच. इतकी वर्षं दिलेले अंगठे तेवढे सुरक्षित.

सचिव शिस्तीचा माणूस. फोननं सांगितलं ना, मग त्यानं लिहिलंसुद्धा, "बुवा, परत पाठव." पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तेवढ्यात दोन टिका आल्या. त्या निळ्या झाल्या. आणि वर दिसायला लागलं की बुवा टाईप करतोय. सचिवाचा फोन चहात पडला. दुसऱ्याच्या फोनवर उत्तर वाचलं ते असं, "मी वहिनी. घाबरू नका. कुठलं पाठवू? पुष्कळ आहेत."

कार्यक्रमाला वहिनींनी स्वतःच फोटो आणला, आ वासलेला, पार पडजीभ दिसणारा. हार घातला तर तो नेमका तोंडावर आला. तेव्हा वहिनी उठल्या आणि त्यांनी हार खाली ओढला. मग भाषणं सुरू झाली.

आपल्याकडे माणूस गेला की तासाभरात त्याचे केस दाट होतात, हिशोब चोख होतात आणि तो कुणाचंही मन न दुखावणारा ठरतो. बुवाचा तर एका संध्याकाळीत संपूर्ण गळा दुरुस्त झाला. पहिले वक्ते म्हणाले, "असा मधाळ आवाज मिरजेनं क्वचितच ऐकला." शेजारचे निवृत्त मामलेदार, ज्यांनी पहाटेच्या रियाझाबद्दल बुवाविरुद्ध रीतसर अर्ज दिला होता, ते गहिवरून म्हणाले, "त्यांच्या सुरांनी आमची पहाट व्हायची." यात खोटं काही नव्हतं; झोप मोडली की पहाटच म्हणायची. तिसरे म्हणाले, "बुवा पट्टीचे गायक होते."

"कुठल्या पट्टीचे?" पेटीवाल्यानं विचारलं. माईक चालू होता.

नगरसेवक उशिरा आले. त्यांनी हात जोडले आणि बुवांच्या तबल्याची थाप अजून आपल्या कानात घुमते असं सांगितलं. कुणीतरी चिठ्ठी दिली. ती वाचून ते म्हणाले, "आणि गायचेही." मग दुसऱ्या श्रद्धांजलीला गेले.

वहिनी बोलणार नव्हत्या, पण उठल्या. "ते बेसूर गायचे," असं म्हणूनच त्यांनी सुरुवात केली. सभागृहात एकदम सुटका झाल्याची हालचाल झाली. "मला बघायला आले तेव्हासुद्धा गायले होते. आमच्या नानांनी त्यांच्या वडिलांना विचारलं, मुलगा गातो ते कळलं, ह्याखेरीज आणखी काही व्यंग? नाही म्हणाले, म्हणून लग्न झालं." लोक हसायला लागले. "तुम्ही सगळे आज त्यांना सुरेल करताय. ते असते तर म्हणाले असते, अरे मग पहिल्यांदा ऐकवू द्या की मला. त्यांना माहीत होतं हो सगळं. मला म्हणायचे, मिरजेत सुरात गाणारे पैशाला पासरी आहेत, कुणीतरी वेगळं नको का?" आणि खाली बसता बसता नातवाला म्हणाल्या, "लाव रे."

नातवानं आजोबांचा फोन स्पीकरला जोडला. आधी खाकरण्याचा आवाज, मग "चालू झालं का रे हे?", मग भांडं पडल्याचा आवाज, मग आलाप.

पेटीवाल्याचे हात आपोआप पेटीवर गेले. काळी एक. बुवा तिथं नव्हता. पांढरी तीन. तिथून नुकताच गेलेला. काळी दोन चाचपली आणि त्यानं जाहीर केलं, "मेल्यावरसुद्धा साथ करू देत नाय हा." आणि काळी एक धरून गप बसला. इकडे सभागृहातही जुन्या सवयी जाग्या झाल्या. सचिव घड्याळ बघायला लागला. मामलेदार कानाला फोन लावून "हॅलो, आवाज येत नाही" करत बाहेर निघाले. फोन उलटा धरला होता. मी स्वतः कार्यालयवाल्याला चहाची खूण केली. फायलीवाले आजोबा तेवढे मान डोलवत होते, त्यांना ताप होता.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. सचिवानं आभाराचा कागद काढला, तेवढ्यात फोनवर दुसरं गाणं आपोआप सुरू झालं. नातवाला हाका मारल्या, तर तो खाली आईस्क्रीम खायला गेलेला. फोन कुलूपबंद, नमुना फक्त त्या पोराला ठाऊक. स्पीकरची वायर काढायला डॉक्टर वाकला, तर मांडववाला ओरडला, "शॉक बसंल!" दुसरं संपून तिसरं लागलं. चाचा मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. त्यांनी बोट वर केलं. "पंचम उतरलाय."

"आज कळलं व्हय चाचा?" पेटीवाला म्हणाला.

"थांब, ऐक," चाचा म्हणाले. "चढवतायत."

चढवला नाही. आणखी उतरवला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, निदान मला तरी ते हसणंच वाटलं. लोक उठत होते, दारापर्यंत जात होते आणि हे आता संपतच असेल म्हणून तिथंच थांबत होते. पाचवं सुरू झालं. दारात चांगलीच गर्दी झाली.

कार्यालयाचा वॉचमन किल्ल्या वाजवत वर आला. "साहेब, टाईम झाला. बंद करा आता. पुढच्या तासाचं भाडं पडंल."

खजिनदारानं स्टेजवरच्या फोनकडे बोट केलं. "त्याला सांग."